नटव्याचं बाशिंग

मांडव नव्हता.

पत्र्याच्या चाळीपुढं पंचवीस-तीस माणसं भिंतीच्या सावलीत दाटीवाटीनं उभी होती, पण मांडव नव्हता. आंब्याचा डहाळा नव्हता, वाजंत्री नव्हती. वैशाखातलं दुपारचं ऊन, मागे पिंपरी स्टेशनात शंटिंग करणारं इंजिन, आणि माझ्या हातात काठी. काठीच्या टोकाला धुतलेल्या धोतराखाली झाकलेलं बाशिंग. चिंचवडहून इथवर ते मी मिरवत आणलं होतं. चाळीच्या कडेला दोन हिरवे बांबू पडले होते आणि एक म्हातारा सुतळीचा गुंता सोडवत बसला होता. मांडवालाही बांबू लागतातच. त्यामुळं आणखी चार पावलं मी असं धरून चाललो, की मांडव अजून घालायचाय, एवढंच. माणूस शेवटपर्यंत आपल्या सोयीचंच बघतो. मग बांबूंशेजारी नवं कोरं मडकं दिसलं आणि माझे पाय जागीच थांबले. गर्दीतून याच चाळीतले, मूळचे आमच्या गावाकडचे मारुतराव पुढं आले. सकाळी हेच माझ्या खोलीवर येऊन बाशिंग सांगून गेले होते. त्यांनी धोतराच्या फुगाऱ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, ‘‘आनलंसा? बरं झालं. पुन्याच्या दवाखान्यातनं गाडी आत्ताच आलीय. आत हळद लावत्यात.’’ मी विचारलं, ‘‘ज्योतीराम?’’ ते म्हणाले, ‘‘व्हय. काल सांजच्याला देहूरोडच्या रस्त्याला. मालट्रक. सायकलसकट.’’ आणि मग माझ्या तोंडाकडं पाहून त्यांच्या ध्यानात काहीतरी आलं असावं. ‘‘सयाजीराव, तुमी इचारलंच न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘मला वाटलं, तुमाला ठावं हाय.’’

विचारलंच नाही, हे खरं. आमच्या घरात बाशिंगं करायचा धंदा. वाईकडच्या आमच्या गावात बाप, मालोजी, ओट्यावर कात्री घेऊन बसलेला असायचा आणि गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला सवाल ठरलेला, ‘‘मांडव कुठं?’’ नाव नाही, गाव नाही, पैसे नाहीत. आधी मांडव. लहानपणी मला वाटायचं, म्हाताऱ्याला चौकश्यांची हौस आहे. मग एकदा एक माणूस आला, दारात उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली. बापानं विचारलं, ‘‘मांडव कुठं?’’ तो माणूस काही बोलला नाही. नुसता टोपी चुरगाळत राहिला. बापानं बेगडाची पेटी पायानं मागं सारली, पांढरा कागद घेतला, भेंडाच्या हलक्या, पांढऱ्या गाभ्याच्या चार पट्ट्या कापल्या आणि थोड्या वेळात एक कोरं, फिक्कं बाशिंग त्या माणसाच्या हातात दिलं. ना आरसा, ना मणी, ना कानावर लोंबणारे गोंडे. बिनलग्नाचा माणूस गेला की, मग वय कितीही असो, आमच्याकडं त्याला तसाच पोचवत नाहीत. हळद लावतात, बाशिंग बांधतात, मगच उचलतात. नाहीतर त्याचा जीव लग्नघरांच्या दारात घुटमळत राहतो म्हणतात. अशा बाशिंगाला जाणारा माणूस तोंडानं काही सांगत नाही, सांगायचं नसतंच. करणाऱ्यानं मांडव विचारायचा आणि गप्प राहण्यावरून ओळखायचं. तो माणूस गेल्यावर बाप मला म्हणाला होता, ‘‘ध्यानात ठेव. जो गेला त्याला नटवत न्हाईत. नुसतं बांधत्यात.’’

आणि आज सकाळी मारुतराव असेच माझ्या दारात उभे होते. टोपी हातात होती. ती मला आत्ता दिसते आहे. सकाळी दिसली नाही, कारण मी रात्रपाळी करून आलो होतो आणि रात्रभर बाटल्या धुवून माझे डोळे साबणानं चुरचुरत होते. कारखान्यात मी बाटल्या धुण्याच्या खात्यात आहे. औषधाच्या बाटल्या. सगळ्या सारख्या, कोऱ्या, नितळ. पट्ट्यावरून एक जाते, दुसरी येते, आणि पहाटे पहाटे वाटायला लागतं की एकच बाटली आहे आणि ती मी चार वर्षं धुतो आहे. तर मारुतराव म्हणाले, ‘‘बाशिंग पाहिजे हुतं. तुमी मालोजींचं ना?’’ चार वर्षांत या भागात मला कुणी मालोजींचा म्हणून ओळखलं नव्हतं. मी ‘धुलाईतला सयाजी’. माझी झोपच उडाली. कुणाला, म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘‘आपल्या ज्योतीरामला. नटव्या म्हंत्यात बगा कंपनीत.’’ मी हसलो. मोठ्यानं हसलो. ‘‘नटव्याला? कधी?’’ ‘‘आजच. दुपारच्या आत.’’ ‘‘एवढ्या घाईनं?’’ ‘‘घाईच झाली,’’ ते म्हणाले. कंपनीतल्या पोरांची लग्नं अशीच होतात, सुट्टी मिळेल तशी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते मात्र निघेनात. उंबऱ्यापाशी उभेच. ‘‘आनि काय इचारायचं हाय का?’’ त्यांनी विचारलं. म्हणजे त्यांनी वाट पाहिली. त्यांना रीत ठाऊक होती, माझ्या बापाची रीत, आणि ती मला ठाऊक असणार असं धरून ते उभे राहिले होते. आणि मी काय म्हणालो? ‘‘नाही नाही, या तुम्ही. असं करतो की बघत राहाल.’’

ज्योतीरामला न ओळखणारा माणूस कारखान्यात विरळा. टोपणं करायच्या खात्यात होता. बावीस-तेवीसचा असेल. खिशात कंगवा, गळ्यात लाल रुमाल, केसांना इतकं तेल की उन्हात कपाळावर ओघळायचं. सायकलीच्या मुठींना झालर, पुढं दोन आरसे, चाकांच्या तारांत रंगीत मणी. पाळी सुटली की सगळे मरगळलेले, आपापल्या अंगाचा वास घेत निघालेले, आणि हा नळाखाली तोंड धुऊन, भांग पाडून, नाटकात उभं राहायला निघाल्यासारखा. लोक ओरडायचे, ‘‘ए नटव्या, कुणाकडं?’’ तो एका हातानं सलाम करायचा. नटव्या हा शब्द लोक थुंकल्यासारखा वापरतात. बाई नटली की नटवी, पुरुष नटला की नटव्या, गोष्ट नटवली की खोटी. माझी आईसुद्धा बहिणीला काजळ घालताना पाहून म्हणायची, ‘‘पुरं गं नटमोगरे.’’ बापाला ते खपायचं नाही. हा शब्द म्हणजे त्याच्या पोटापाण्याची गोष्ट होती. तो म्हणायचा, ‘‘घर सजवत्यात, बैल शिनगारत्यात. मानूस तेवढा नटतो. देवळातल्या दगडालाबी कपडे घालता येतील, पर दगड नटंल का? नटायला आतनं हौस लागती.’’ मग तो सांगायचा की नवरदेव कितीही काळाबेंद्रा असो, बाशिंग बांधून आरशात बघतो त्या घटकेला त्याच्या डोळ्यांत एक गंमत येते, आणि ती गंमत चार पावलांवरून दिसावी म्हणून आपण बेगड लावतो. नसलेलं चिकटवत नाही. असलेलं वर काढतो. बापाचं हे बोलणं मला तेव्हाही थोडं नटवलेलंच वाटायचं, पण खोटं वाटायचं नाही.

मारुतराव गेल्यावर मी ट्रंक उघडली. बापाची कात्री, कोरणी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बेगड. सोनेरी, हिरवं, डाळिंबी. कडा काळवंडल्या होत्या, पण मधला भाग अजून तसाच झळझळीत. कणकेची खळ शिजवली. खळीचा तो आंबूस वास खोलीत भरला आणि मला एकदम रडूच आलं. थकलेल्या माणसाला रडू लवकर येतं. बाप गेल्यावर गावात तयार बाशिंगं यायला लागली, पुण्याच्या बाजारातली, छापील कागदाची, निम्म्या मोलाची. मी दोन हंगाम नेट धरला आणि मग कारखान्याच्या भरतीला उभा राहिलो. लग्न राहूनच गेलं. दुसऱ्यांसाठी इतकी बाशिंगं केली आणि माझं स्वतःचं बाशिंगबळ जड निघालं. यावरून गावानं मला पुष्कळ हसून घेतलं. आधी मीही हसायचो. बेचाळीस पुरी झाल्यावर लोकांनी हसायचंही सोडलं, तेव्हा खरं लागलं.

सकाळभर मी झोपलो नाही. पिसारा कापला, त्यावर बेगडाची वेल चढवली. बेगड कमी पडलं तेव्हा फळीवरचा डबा काढला. कारखान्यात टोपणांच्या मधोमध भोक पाडतात, त्याच्या चकचकीत चकत्या भंगारात पडतात. त्यातल्या मूठभर मी कधीतरी घरी आणल्या होत्या, कशासाठी ते माझं मलाही ठाऊक नव्हतं. आज कळलं, असं मला वाटलं. टोपणांच्या खात्यातला पोरगा, त्याच्या कपाळावर त्याच्याच हातच्या चकत्या. त्या मी कडेनं मोत्यांसारख्या लावल्या. दर चकतीगणिक मला ज्योतीरामचं तोंड दिसत होतं. हा एकच नवरदेव असा, की त्याची गंमत वर काढायला काही करावंच लागणार नाही. तरी मी करत होतो. मधोमध आरसा हवा होता. मी खाली चांदभाईच्या सायकल दुकानात गेलो.

चांदभाई म्हणजे चिंचवडच्या नाक्यावरचा सगळ्यात तोंडाळ माणूस. पंक्चरपेक्षा सायकली नटवण्यातच त्याचा जास्त जीव. झालरी, मणी, आरसे, सगळं त्याच्याकडं. मी गोल आरसा मागितला तर म्हणाला, ‘‘क्या सयाजीराव, सायकल कधी घेतली?’’ मी म्हणालो, बाशिंगाला हवाय. तो उठून उभाच राहिला. ‘‘या अल्ला! निकला मुहूर्त? अहो, या वयात कपाळाला बांधनार का गुडघ्याला?’’ मी म्हणालो, ‘‘माझं नाही रे बाबा. ज्योतीरामचं.’’ ‘‘अपना नटव्या?’’ त्यानं पेटी उपसून सगळ्यात स्वच्छ आरसा काढला, फडक्यानं पुसला, पैसे घेतले नाहीत. ‘‘त्याच्या सायकलला दोन मीच लावले. हा तिसरा. बोलना, चांदभाईकडनं.’’ मी तयार बाशिंग काठीला लावून निघालो तेव्हा तो दुकानाबाहेर येऊन बघत राहिला. मला वाटतं, चार वर्षांत पहिल्यांदा मी रस्त्याच्या मधून चाललो. एरवी मी कडेनं चालतो.

तर असा मी त्या अंगणात उभा होतो. मारुतराव हात पुढं करून म्हणाले, ‘‘द्या हिकडं.’’ मी काठी मागं घेतली. धोतर वाऱ्यानं थोडं उचललं गेलं आणि खालून एक चकती लखकन चमकली. भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका बाईनं ते पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी विसरणार नाही. मेल्याच्या दारात कुणी वाजंत्री आणावी तसं मी केलं होतं. मारुतरावांना म्हणालो, ‘‘थोडं थांबा. एक काम राहिलंय,’’ आणि चाळीच्या मागच्या नळाकडं वळलो. आता हे सगळं उतरवायचं. वेल, गोंडे, आरसा, चकत्या. खाली पांढरा कागद आहेच. बापानं दिलं असतं तसं फिक्कं करून द्यायचं आणि निघून जायचं. नळाच्या ओट्यावर बाशिंग ठेवलं, धोतर काढलं. उन्हात ते असं झळाळलं की मलाच डोळे मिटावे लागले. खरं सांगतो, इतकं चांगलं बाशिंग माझ्या हातून कधी झालं नव्हतं. बापाच्याही हातून झालं नसेल. त्या घटकेला मला ज्योतीरामचं दुःख नव्हतं. मला दुःख बाशिंगाचं होतं, आणि त्याची मला शरम वाटत होती, आणि या सगळ्याखाली नुसती झोप येत होती. मी नखानं पहिली चकती उचकटली. खळ अजून ओली होती, चकती सहज निघाली. दुसरी काढली. तिसरीबरोबर कागदाचा पापुद्रा निघाला.

‘‘काय करतायसा?’’

मागं एक बाई उभी होती. हातात तांब्या, बोटं हळदीनं पिवळी झालेली. डोक्यावरचा पदर सुटला होता, तो तिनं सावरला नाही. मी ओळखलं. ज्योतीरामची आई, सावित्रीबाई. तो लहान असताना नवरा गेला, तेव्हापासून तिनं विटा वाहून याला वाढवलं, असं कारखान्यात ऐकलं होतं. मी तिच्या आणि बाशिंगाच्या मधे आलो, पण एवढी मोठी वस्तू काय झाकणार.

‘‘चूक झाली, बाई,’’ मी म्हणालो. ‘‘मला कळलं नव्हतं. मला वाटलं, लग्नच आहे. हे उतरवून साधं करून देतो. आत्ता देतो.’’

ती पुढं आली. तांब्या ओट्यावर ठेवला. बाशिंगावर बोट टेकवायला गेली आणि हळद लागेल म्हणून तिनं हात मागं घेतला. मी मान खाली घालून, ती ओरडेल, कपाळ बडवेल, लोक धावून येतील, याची वाट पाहत होतो.

‘‘ह्या चकत्या,’’ ती म्हणाली. ‘‘ह्या त्याच्या खात्यातल्या न्हवं? घरी आनायचा. खिसं भरून आनायचा आनि म्हनायचा, आयं, तुला माळ करतो.’’

‘‘हो.’’

‘‘मग काढताय का?’’

‘‘गेलेल्या माणसाला नटवत नाहीत, बाई. आमच्या धंद्याची तशी रीत आहे. साधंच बांधायचं असतं.’’

‘‘आसंल,’’ ती म्हणाली. ‘‘पर त्याला साधं चाललं नसतं. परवा सदऱ्याला इस्त्री न्हवती म्हनून जेवला न्हाई.’’ एवढं बोलून ती हसली. ते हसू तसंच अर्ध्यावर राहिलं आणि तोंड वेडंवाकडं झालं. तिनं ओट्याची कड धरली. मग म्हणाली, ‘‘बावीस वर्सं लोकास्नी त्याचं नटनं दिसलं. मला त्यात काय दिसायचं ते मलाच ठावं. आमच्या घरात दुसरं काय हुतं नटायजोगं? लावा त्या चकत्या. हुत्या तशा लावा.’’

मी म्हणालो, खळ नाही. ती आत गेली आणि परातीतून मूठभर कणीक घेऊन आली. पिंडाला मळायला घेतलेली. तीत तांब्यातलं पाणी घालून तिनं ती बोटांनी पातळ केली, माझ्या तळहातावर ठेवली आणि जाईना, तिथंच उभी राहिली. मी चकत्या लावल्या. कणकेला तिच्या बोटांची हळद लागली होती, त्यामुळं चकत्यांच्या कडेला पिवळी किनार आली. ती मी पुसली नाही. फाटलेल्या पापुद्र्यावर वेलीचं एक पान सरकवून घेतलं. सगळं झाल्यावर ती म्हणाली, ‘‘ह्याला मामा न्हाई. बाशिंग मामानं बांधायचं असतं. तुमी बांधा.’’

आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आधी काही दिसलंच नाही. मग पिवळं तोंड दिसलं. दवाखान्यातल्यांनी कपाळावर पट्टी बांधली होती, आणि कुणीतरी, आईच असणार, पट्टीबाहेरच्या केसांना तेल लावून भांग पाडला होता. मी गुडघे टेकले. इतकी बाशिंगं केली, पण कुणाच्या कपाळाला कधी स्वतः बांधलं नव्हतं. ते काम घरच्यांचं. दोरी मानेखालून घ्यायची तर डोकं उचलावं लागतं. ते जड होतं, आणि गार. गाठ मारताना मी इतका वाकलो की मधल्या आरशात माझंच तोंड आलं. तारवटलेले डोळे, दाढीचे पांढरे खुंट, आणि भोवतीनं बेगड, वेल, झळझळीत चकत्या. बाशिंगातलं माझं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. बाप म्हणायचा ती गंमत मी तिथं शोधली, हे कबूल केलं पाहिजे. तेवढ्यात मागून सावित्रीबाई म्हणाल्या, ‘‘नटला गं बाई माझा,’’ आणि मग मात्र खोलीतल्या सगळ्या बायका एकदम रडायला लागल्या.

नदीवर मीही गेलो. बाशिंगासकटच त्याला चितेवर ठेवला. बेगड आधी पेटलं, हिरवट ज्वाळा आली. चकत्या बराच वेळ तशाच राहिल्या. परतताना चाळीपाशी थांबलो, काठी न्यायची होती. सावित्रीबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. पदर डोळ्यांवर ओढून त्यांनी मला विचारलं, ‘‘दादा, तुमची मंडळी गावाकडं का?’’ मी सांगितलं, लग्न नाही झालं. ‘‘आई हाय?’’ ती पण नाही. त्यांनी पदर बाजूला करून माझ्याकडं नीट पाहिलं, आणि त्या बघण्यात काही वाईट नव्हतं. दिवसभरात फक्त तेव्हाच कुणीतरी माझ्याकडं मायेनं पाहिलं असेल. ‘‘मग तुमचं तुमीच एक करून ठेवा, दादा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मागनं लोकं कुठलंबी बांधत्यात.’’

चिंचवडला आलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. रात्री पुन्हा पाळी होती. त्याआधी दोन घटका पाठ टेकायला हवी होती, पण पाय चांदभाईच्या दुकानाशी थांबले. त्याच्यापर्यंत बातमी अजून आलेली नव्हती. चाक उलटं धरून तो तारा ओढत होता. ‘‘कैसा दिखा नटव्या? आरसा बघितला ना त्यानं?’’ त्यानं विचारलं. मला सांगायचं होतं. सगळं सांगायचं होतं, पण एवढं बोलायचं बळ अंगात नव्हतं. मी म्हणालो, ‘‘चांदभाई, तसाच आणखी एक आरसा दे.’’

‘‘वा! आता कुणाचं लगीन?’’ त्यानं हसत वर पाहिलं. ‘‘मांडव किधर है?’’

मी टोपी काढून हातात घेतली आणि गप्प उभा राहिलो.